बसच्या चाकांना पितळेची ताटं

अप्पांनी बस विकत घेतली तेव्हा आई आमच्या तंजावरी मराठीत एवढंच म्हणाली, "ठेवाचं कोठे?"

तिला नवल वाटलं नाही, कारण त्याआधी अप्पांनी जहाजावरची एक घंटा, सूर गेलेली बाजाची पेटी आणि एक न्हाव्याची फिरती खुर्ची घरी आणली होती. अप्पा मद्रास बंदराजवळच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि बंदराच्या आसपास लिलाव फार. लिलावाची हातोडी ऐकली की त्यांचा हात आपोआप वर जायचा. पण बस त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. म्हणजे नुसत्या हौसेनं घेतली नव्हती. ती तातांसाठी होती.

ताता म्हणजे आईचे वडील. तंजावरला एकटेच राहायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर माणूस आला की आवाजावरून ओळखायचे, आणि आवाज केला नाही तर खांब समजून त्याला टेकायचे. मद्रासच्या डॉक्टरनं अप्पांना स्पष्ट सांगितलं होतं की आणखी उशीर केला तर दृष्टी जाईल ती जाईलच. शस्त्रक्रिया मद्रासला व्हायची, नंतर कित्येक आठवडे इथेच राहायचं. आणि राहायचं म्हटलं की आमचंच घर. तिथेच सगळं अडलेलं होतं.

कारण मुलगी दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तातांचा नियम. असा नियम तेव्हा पुष्कळांचा होता, पण नातू झाला की लोक तो सोडून देत. आई-अप्पांना झाले मी, एकटी. नातीचं पाणी चालतं की नाही याबद्दल कोणी काही सांगून ठेवलं नव्हतं, म्हणून तातांनी ते चालत नाही असं धरलं होतं. मी मुलगी झाले म्हणून एका म्हाताऱ्याचे डोळे जाणार, हा विचार मला कॉलेजात बसल्या बसल्या यायचा आणि मला भयंकर राग यायचा. राग कोणावर काढायचा ते मात्र कळत नसे, कारण ताता मला फार आवडायचे.

आई कधी रागावली नाही. ती वर्षातून एकदा तंजावरला जाई, आठ दिवस वडिलांचे कपडे शिवी, लोणची घाली, आणि परत येताना गाडीच्या खिडकीला लागून उभी राही. देवळाचं शिखर दिसेनासं होईपर्यंत ती खाली बसत नसे. मी लहानपणापासून तिची पाठ पाहत आले. शिखर गेलं की ती वळायची आणि म्हणायची, "गेलं." मग डबा उघडून मला दहीभात द्यायची.

तर अप्पांची युक्ती अशी. घर जावयाचं असतं. बस म्हणजे काही घर नव्हे, बस म्हणजे वाहन. वाहनात माणूस कोणाच्याही बसतो. तेव्हा तातांना तंजावरहून बसमधून आणायचं, बस आमच्या नुंगंबाक्कमच्या अंगणात आंब्याखाली उभी करायची आणि तातांनी तिच्यातच राहायचं. जावयाच्या घराची पायरी चढायची नाही. ही युक्ती अप्पांनी इतक्या गंभीरपणे सांगितली की आई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी तीच बसमध्ये खाट कुठे बसेल ते हातानं मापत होती.

बस लढाईच्या आधीची होती. लांब नाक, लाकडी अंग, समोरून दांडा घालून फिरवायची. एका कंपनीनं ती मोडीत काढली होती आणि तिच्याबरोबर तिचा जुना ड्रायव्हरही जणू मोडीत निघाला होता. तो आपण होऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला की ही दुसऱ्या कोणाच्या हाताला वळत नाही. आम्ही बाकं काढली. खाट आली, पाण्याचं पिंप आलं, मागच्या कोपऱ्यात स्टोव्ह आणि देवांची फळी. पडदे मी शिवले, तिरपे. न्हाव्याची खुर्ची शेवटी तातांच्या बसण्यासाठी आत बसवली आणि ती आमच्या घरी का आली होती याचा अप्पांनी त्या दिवशी खुलासा केला, की हे त्यांच्या मनात आधीपासून होतं.

मग आली चाकांची गोष्ट.

मागची दोन चाकं फुटकी निघाली. अप्पांनी आवडी नावाच्या गावच्या एका ओळखीच्या माणसाकडून लष्करी लॉरीची चाकं मिळवली, रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून सेंट्रल स्टेशनला आणली आणि तिथून हातगाडीवर घालून घरी. बसली चोख. पण पुढची चाकं लाल, गोल भोकांची, आणि मागची हिरवी, लांबट भोकांची. बस पुढून बस दिसायची आणि मागून लढाईवर निघाल्यासारखी. अप्पा अंगणात उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"चाकांवर झाकणं होणा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून झाकणं हवीत, याशिवाय आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. अप्पा कचेरीतून परस्पर पुदुपेटला जात. तिथे मोडक्या मोटारींचं सामान मिळायचं. एकदा ते कुठल्याशा अमेरिकन गाडीची चकचकीत झाकणं घेऊन आले. आम्ही सगळे अंगणात जमलो. ड्रायव्हरनं एक झाकण चाकावर धरलं. लठ्ठ माणसानं तान्ह्या मुलाचं टोपडं घालावं तसं ते दिसलं. आई इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. अप्पा दुखावले, आणि ती झाकणं पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे ताकावर झाकायला होती.

मग त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. ते आत येऊन इडलीच्या मोठ्या पातेल्यावरचं झाकण सुतळीनं मापू लागले. आईनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा झाकण काढून घेतलं.

"हे कसाला मापताव?"

"गोल अहे म्हणून."

"गोल अस्कंच असतं. मग तांबाळम् का नको?"

अस्कं म्हणजे सगळं, आणि तांबाळम् म्हणजे उभ्या काठाचं मोठं पितळी ताट. आमच्याकडे लग्नात त्यात नारळ, फळं, साड्या मांडून मिरवत नेतात. आई हे चिडून बोलली होती, पण अप्पा जागच्या जागी थांबले. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून आईनं कपाळाला हात लावला. पण तीही हसत होती. तातांचं प्रस्थान पितळी चाकांवरून व्हावं, हे तिला आवडलं होतं आणि ते तिला लपवता येत नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं जॉर्ज टाउनला भांड्यांच्या गल्लीत गेलो. दुकानदारानं विचारलं, काय कार्य आहे, लग्न की शांत? अप्पा म्हणाले, बस आहे. दुकानदारानं मान हलवली. मद्रासचा दुकानदार गिऱ्हाइकाला खोटं पाडत नाही. त्यानं ताटं काढली आणि बोटानं वाजवून दाखवली, कारण आमच्याकडे पितळ कानानं घेतात. आई डोळे मिटून ऐकत होती. हे नको, हे बसकं बोलतंय. हे चोखट अहे. हे ठेवा. गाडीच्या चाकाच्या झाकणाचा सूर कोणी इतका पारखला नसेल. आणि घ्यायची पाच, असं ती म्हणाली. चार चाकांना चार आणि मागे टांगलेल्या जादा चाकाला एक. मिरवायची ताटं सम संख्येत नेत नाहीत.

अप्पांना मात्र सुराशी काही कर्तव्य नव्हतं. ताट अगदी गोल आहे का हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी एक ताट काठावर उभं केलं आणि हलकेच सोडलं. ते दुकानाची पायरी उतरलं, गल्लीला लागलं आणि पळालं. गल्लीला बंदराकडे जरासा उतार आहे हे अप्पांच्या लक्षात नव्हतं. दोन हातगाड्यांच्या मधून, एका गाईला वळसा घालून ताट चाललं, मागे धोतर सावरत हेडक्लार्क, आणि त्यांच्यामागे मी. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मिरच्यांच्या पोत्यांना आपटून ते एकदाचं आडवं झालं, वाजत वाजत. अप्पा ते डोक्यावर धरून विजयी होऊन परत आले. "अगदी गोल," ते म्हणाले. आई एका पालथ्या हंड्यावर बसून डोळे पुसत होती. मी तिला तितकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या गडबडीत एक गोष्ट घडली, ती मला दिसली नाही आणि अप्पांनाही नाही. ताटांना खिळ्यांची भोकं पाडायला कोण मिळेल ते बघायला अप्पा मला घेऊन शेजारच्या गल्लीत गेले. तेवढ्या वेळात दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या, भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसानं ताटं पुढ्यात ओढली आणि आईला विचारलं, "पेर एन्न?" नाव काय घालू? भांडं घेतलं की नाव घालायचं, हे इतकं ठरलेलं की आईनं नको म्हटलं नाही. आणि तिनं नाव सांगितलं ते तातांचं. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर तेच नाव होतं, कारण प्रत्येक भांडं तिच्या लग्नात तातांनी दिलेलं. दुसरं नाव सांगायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. त्या माणसानं छिन्नी आणि हातोडी घेतली आणि ठिपक्या-ठिपक्यांनी, तमिळ अक्षरांत, गावासकट नाव पाची ताटांवर घातलं. ताटाच्या पाठीवर घातलं, कारण नाव पाठीवरच घालतात. तिथे ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पण चाकावर ताट पालथंच बसतं.

ड्रायव्हरनं पहिलं ताट बसवलं, फडक्यानं पुसलं आणि वाचलं. मग त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा जवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला, बाकीची चार ताटं उलटून पाहिली. लिलावात पकडलेली, स्वतःच्या हातानं रंगवलेली त्यांची बस, आणि तिच्या चाकाचाकावर सासऱ्याचं नाव.

"हे काय केलंस?"

आईनं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. पण ती मागे हटणारी नव्हती. "भांड्यावर कोणाचं नाव घालाचं मग? तुमचं? तुम्ही कधी भांडं आणटलाव?"

अप्पा जेवले नाहीत. संध्याकाळभर ते बसभोवती फिरत होते. नाव ठोकून काढलं तर पितळ फाटतं, ताट सुलटं बसवलं तर चाकाच्या नटांवर बसत नाही, आणि नवी ताटं आणून भोकं पाडायला वेळ नव्हता, डॉक्टरनं दिलेली तारीख तोंडावर आली होती. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी मांजराला घेऊन माडीवर गेले.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. प्रवासाचं काय सांगू? पाची ताटांचा सूर निराळा, आणि रस्त्याला खड्डे. बस नुसती वाजत नव्हती, गात होती. ऊन पडलं की चाकं अशी झळकत की समोरचे बैलगाडीवाले आपोआप कडेला होत. एका गावात लोक हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं आत देव आहे. एका म्हातारीनं खिडकीतून आत कापूर दिला, आणि आईनं तो खाली न ठेवता लावला. अप्पा अजून रुसलेले होते, पण चिदंबरमच्या अलीकडे केव्हातरी मी पाहिलं, ते मांडीवर ठेका धरत होते.

तंजावरला पोचलो तेव्हा ताता ओट्यावर बसले होते. त्यांनी बस आधी ऐकली.

"कोणाचं लग्न अहे?" ते म्हणाले.

आईनं त्यांना सगळं सांगितलं. बस, खाट, देवांची फळी, आंब्याखालची जागा. तुम्ही घरात पाऊल ठेवायचं नाही, म्हणाली. मी बसमध्येच येऊन स्वयंपाक करीन, तुमच्याच तांदळाचा. ताता ऐकत होते. त्यांचा चेहरा फार गोड होता आणि फार हट्टी.

"बस कोणाची?" त्यांनी विचारलं.

आईनं अप्पांकडे पाहिलं.

"जावयांचीच की. मग भिंती असल्या काय, चाकं असली काय. नको अम्मा. डोळे जायाचे तर जाऊ दे. ह्या वयांत मज काय बघाचं उरलं अहे?"

आई खांबाला टेकून उभी राहिली. सगळी गंमत, सगळं पितळ, तो सगळा वाजत गाजत आलेला रस्ता एका क्षणात संपला, आणि मला रडू आलं. मला वाटलं, आता आपण रिकामी बस घेऊन परत जाणार, आणि ती परत जाताना मात्र गाणार नाही.

तेव्हा अप्पा पुढे झाले. त्यांनी तातांचा हात धरला. "मामा, जरा खाली उतरा," ते म्हणाले, आणि त्यांना पुढच्या चाकापाशी नेऊन त्यांचा हात ताटावर ठेवला. "हे भांडं कोणाचं, सांगा."

तातांची बोटं पितळावरून फिरू लागली. ठिपके सापडले. ठिपक्यांवरून बोट सावकाश गेलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा पहिल्यापासून गेलं. आमच्यात कार्यांत भांडी इकडची तिकडे होतात, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घरी राहतात, पण नाव ज्याचं भांडं त्याचं, त्यावर कोणी वाद घालत नाही. हे तातांना कोणी सांगायला नको होतं.

"माझं अहे," ते हळूच म्हणाले.

"अस्कंच तुमचं अहे," अप्पा म्हणाले. "वर जे बसलं अहे तेही. आम्ही नुसतं चालवून आणलं."

हे म्हणताना अप्पांनी बसकडे पाहिलं नाही. मी पाहिलं त्यांच्याकडे. त्यांनी जन्मात एवढी मोठी वस्तू दुसरी घेतली नव्हती, आणि ती त्यांनी उन्हात उभं राहून, रस्त्यावर, देऊन टाकली.

ड्रायव्हरचा हात धरून ताता दुसऱ्या चाकाकडे गेले, मग तिसऱ्या, मग चौथ्या, प्रत्येक नाव बोटानं वाचत. शेवटी मागच्या जादा चाकाशी आले. तिथे बोट फिरवून त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं.

"हे मळलं अहे," ते म्हणाले. "चिंच आणा."

आईनं आतून चिंच आणली. ताट घासून झालं. मग ताता तांदळाचं एक पोतं, आपले देव आणि आपली काठी घेऊन आपल्या बसमध्ये चढले.

शस्त्रक्रिया झाली आणि दृष्टी परत आली. पट्टी सुटली तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि माझं नाक अप्पांवर गेल्याचं त्यांना वाईट वाटलं. पुढे डॉक्टर सोडीना म्हणून ते पावसाळ्यापर्यंत राहिले. आमच्या घराची पायरी ते एकदाही चढले नाहीत. उलट त्यांनी ड्रायव्हरबरोबर रीतसर निरोप पाठवून जावयाला जेवायला बोलावलं. अप्पा इस्त्रीचा कोट घालून, अंगण ओलांडून, स्वतःच्या जुन्या बसमध्ये पाहुणे म्हणून गेले. तातांनी त्यांना न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं, फिरवून दाखवलं आणि तुपाची धार धरताना पोदुम्, म्हणजे पुरे, म्हणू दिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात आईनं पेटी भरली. दोन लुगडी, फणी, कुंकवाची डबी. अप्पांनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, माहेरी. आणि ती आंब्याखाली निघून गेली. चार दिवस आली नाही. मी आणि अप्पा घरी करपलेला भात खात होतो आणि बसमधून हसण्याचे आवाज येत होते. ती काय सांगत असे आणि ताता कशाला हसत ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, ते आमच्या घरचं.

चौथ्या दिवशी ती निघाली. माहेराहून निघणाऱ्या मुलीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, म्हणून तातांनी पोत्यातले तांदूळ ओंजळीनं तिच्या पदरात घातले. ती बसची पायरी उतरली, पदर सांभाळत अंगणातून चालू लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. घासलेली चाकं झळकत होती आणि ताता खिडकीत उभे होते, माझ्या तिरप्या पडद्याशी, डोळ्यांना दिसत होतं म्हणून बघत.

विहिरीपाशी आल्यावर आई सवयीनं थांबली आणि मागे वळली. थोडा वेळ बघत राहिली. मग आणखी दोन पावलं आली, पुन्हा वळली. दाराशी आली तेव्हा तिसऱ्यांदा वळली. माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं काहीतरी होतं.

"अजून दिसतंय," ती म्हणाली.